एक आणा खिशात

मी मानसशास्त्राचा पदवीधर आहे आणि चौसाळ्यात खतं-बियाणांचं दुकान चालवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं गिऱ्हाईक कधी विचारत नाही. ते बायको विचारते. गिऱ्हाईक भिंतीवरची पदवी बघतं आणि म्हणतं, "म्हंजी आमच्या मनात काय चाललंय ते तुमाला कळतं म्हणा की." मी सांगतो, "कळतं. मागच्या साली नेलेलं बियाणं उगवलं नव्हतं, ते चाललंय." मग पुढच्या खेपेला तो आणखी दोघांना घेऊन येतो आणि कौतुकानं सांगतो, "ह्येंना मनातलं कळतं."

हाच गैरसमज पोटात घेऊन मी त्या विषयाला गेलो होतो. इतिहासात सनावळ्या होत्या, इंग्रजीत इंग्रजी होतं, राहता राहिलं मानसशास्त्र. शिवाय भूगोलाच्या वर्गात एक मुलगी होती आणि तिच्या मनात काय आहे ते बाहेरून काही केल्या कळत नव्हतं. पदवी हातात पडेपर्यंत कळलं. तिच्या मनात केजचा एक तलाठी होता. तेही मला शास्त्रामुळं नाही, लग्नपत्रिका आल्यामुळं कळलं.

त्या अभ्यासातून माझ्या पदरात जे काही पडलं, त्याचं नाव टेकाळे सर.

सर मूळचे दिंद्रुडचे, राहायला नेकनूरला आणि नोकरीला आमच्या कॉलेजात. कॉलेज दूध संघाच्या मागं होतं. संघाचे चेअरमन तेच आमच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यामुळं संघाची सभा असली की आमचे बाक तिकडं जायचे आणि आम्ही उभ्यानं शिकायचो. सर उंच, वाळके, पुढं झुकलेले. आधी त्यांची मान वर्गात यायची, मग सर यायचे. शर्ट कायम पांढरा, बाह्या दुमडलेल्या, आणि त्यातली एक नेहमी दुसरीपेक्षा वर.

शेवटच्या वर्षाला त्यांचा पेपर होता, बोधनिक मानसशास्त्र. माणूस बघतो कसा, लक्ष देतो कसा, लक्षात ठेवतो कसा आणि विसरतो कसा, एवढ्याचा तो विषय. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "रोज कशानं येता?"

"एसटीनं," आम्ही म्हणालो.

"मग एसटीचं चित्र काढा. कडेनं दिसती तशी."

मला चित्रकलेत पूर्वी बक्षीस मिळालं होतं, म्हणून मी मन लावून एसटी काढली. तोंड उजवीकडे, खिडक्या, चाकं, पाटी, आणि मधोमध झोकदार दार. सरांनी नेमका माझाच कागद उचलला आणि सगळ्यांना दाखवला. "गाडीचं तोंड इकडं हाय. म्हणजे ही बाजू ड्रायव्हरची. ह्या दारातून उतरायचं तर भर रस्त्यात उतरावं लागंल. तुझा बाप तुला कॉलेजात पाठवतो का ट्रकाखाली?"

वर्ग हसला. मग सरांनी उजवा हात वर केला आणि मनगट दोनदा गर्रकन फिरवलं, पुढं वर्षभर त्यांची ती खूणच झाली. "किती आणे खात्री होती?"

मला काही कळेना. आणे आमच्या जन्माआधीच व्यवहारातून गेले होते, फक्त बोलण्यात उरले होते. तरी रुपयाचे सोळा आणे एवढं माहीत होतं. मी म्हणालो, "सोळा."

"नापास," सर म्हणाले. "ह्या वर्गात सोळा कुणी म्हणायचं न्हाई. आपण रोज दिसतं ते बघत न्हाई, आणि न बघितलेलं लई ठासून सांगतो. विषय एवढाच हाय, पुढचं सगळं परीक्षेपुरतं. पंधराच्या वर जायचं न्हाई. एक आणा कायम खिशात ठेवायचा. चुकायला लागतो."

कुणीतरी विचारलं, "सर, तुमच्या खिशात हाय का?" सरांनी खिशात हात घालून दाखवला. एसटीची जुनी तिकिटं निघाली.

त्या वाक्याची कॉलेजला साथ लागली. कँटीनवाल्याला चहात साखर आहे का विचारलं तर तो म्हणायचा, "बारा आणे." प्राचार्य आले का विचारलं तर शिपाई म्हणायचा, "गाडी आल्याली हाय, दहा आणे धरा." मी घरी गेलो आणि आईनं "जेवलास का?" विचारल्यावर "चौदा आणे" म्हणालो. बाप म्हणाला, "राह्यलेले दोन आणे गोठ्यात जाऊन खा."

सर हसायचे ते बहुतेक स्वतःलाच. लोक आपल्या जमिनीबद्दल सांगतात, तसे ते आपल्या चुका सांगायचे, बांधापासून बांधापर्यंत. चेहरे कसे ओळखतो हे शिकवताना त्यांनी स्वतःच्या लग्नाचं सांगितलं. मुलगी बघायला गेले, चहा घेऊन आलेल्या मुलीला मनोमन पसंत केलं, होकार कळवला आणि साखरपुड्याला पाटावर भलतीच बसलेली. चहा आणणारी धाकटी बहीण होती. आम्ही हा किस्सा खरा मानला. पुढं एकदा नेकनूरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "काही नका ऐकू. चहा मीच आणलता. ह्यांनी मान वर करून बघितलंच न्हाई. नुसती कपबशी बघितली." सर खूश झाले. म्हणाले, "माझी आठवण बारा आणे, हिची पंधरा. बेरीज सत्तावीस होती. रुपयात बसत न्हाई, म्हणजे दोघातलं एक जण खोटं बोलतंय, आन् त्याला माहीतबी न्हाई." काकूंनी लाटणं दाखवलं, तेव्हा सरांनी आपले आणे उतरवून चारवर आणले.

आमच्या विभागात उपकरण एकच, स्मृती-ढोल. नाव मोठं, पण ती एक पत्र्याची पेटी होती. आत रूळ, समोर खिडकी. रूळ फिरला की खिडकीत एकेक निरर्थक शब्द दिसायचा आणि तो माणसानं पाठ करायचा. त्याचं यंत्र आमच्या आधीच जळालं होतं. सर तो हातानं फिरवायचे आणि वेळ मोजायला जिभेनं टॉक टॉक आवाज काढायचे. सुट्टीत तो ढोल कापडी पिशवीत घालून ते घरी न्यायचे, कारण विभागात उंदीर होते. एसटीत कंडक्टर विचारायचा, "सर, काय हाय?" "ढोल." "वाजवा की." असं करत तो ढोल रस्त्यावरच्या सगळ्या कंडक्टरांना पाठ झाला होता, आम्हाला मात्र त्यातला एकही शब्द पाठ झाला नव्हता.

आमच्या शेवटच्या वर्षी दुष्काळ पडला, सलग दुसरा. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला एक रीत असते. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, म्हणजे प्रयुक्त, विद्यार्थ्यानं स्वतः आणायचा. चांगल्या वर्षी मावसभाऊ, पानवाला, कुणीही यायचं. त्या वर्षी माणसंच नव्हती. अर्धा गाव ऊसतोडीला लांबच्या कारखान्यांवर गेलेला आणि उरलेला जनावरं घेऊन चारा छावणीत. त्यातच चेअरमनसाहेबांचा निरोप आला की मानसशास्त्राला पोरं कमी आहेत, उपयोगही दिसत नाही, पुढच्या वर्षी विषय बंद करू. विषय बंद झाला की सर अतिरिक्त ठरणार आणि सरकार त्यांना कुठंही नेऊन टाकणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. सर म्हणाले, "प्रयुक्त येत न्हाईत ना? मग आपण जाऊ. जगात कुठल्या विद्यापीठाला एवढी रिकामी माणसं एका जागी मिळाल्यात?"

छावणी संघाचीच होती, कॉलेजामागच्या माळावर. बांबू, गोणपाटाची सावली, उसाच्या वाढ्यांचे भारे आणि ओळीनं बांधलेली जनावरं. माझा बाप दोन बैल आणि एक म्हैस घेऊन तिथं मुक्कामाला होता. घरी आई, छावणीत बाप, आणि मी दोन्हीकडं जेवायला. संघानं दिवाळीला सभासदांना भेट म्हणून शर्टपीस वाटले होते, सगळे एकाच ताग्यातले, पांढऱ्यावर निळे पट्टे. नवं कापड घ्यायची कुणाची ऐपत नव्हती, त्यामुळं सगळ्या छावणीनं तेच शिवलं. लांबून बघितलं की एकच माणूस सगळीकडं हिंडतोय असं वाटायचं. माझ्या बापाची म्हैस एकदा दुसऱ्याच पट्ट्यामागं पाण्याला गेली.

पहिल्या दिवशी प्रयोग बरा झाला. खिडकीत 'झुप' आलं, 'ठेग' आलं, माणसांनी मन लावून वाचलं. फक्त शब्दाला अर्थ नाही हे त्यांना पटेना. एक जण म्हणाला, "अर्थ न्हाई तर सरकारनं लिवला कावून?" दुसऱ्या दिवशी छावणीत बातमी फिरली की दुष्काळानं कुणाकुणाची आठवण गेली, त्याची पाहणी चालू आहे आणि ज्यांची जास्त गेली त्यांना अनुदान मिळणार. त्यानंतर छावणीला काहीही आठवेना. शब्द सोडाच, एकानं स्वतःचं नाव सांगायलाही वेळ घेतला. "काय की साहेब. लिवा, आठवत न्हाई." मी माझ्या बापासमोर ढोल घेऊन बसलो, तर बापानं माझ्याकडं निरखून बघितलं आणि शेजारच्याला विचारलं, "हे पोरगं कुणाचं हाय बे?"

सर हसता हसता गव्हाणीच्या काठावर बसले. चष्मा काढून डोळे पुसले. "एवढा सरळ विस्मरणाचा आलेख आजवर कुणाला मिळाला नसंल. असाच लिहा." आम्ही तसाच लिहिला. गावच्या वार्ताहरानं मात्र वेगळं लिहिलं. 'दूध संघाच्या छावणीत शेतकऱ्यांची मानसिक तपासणी' असं छापून आलं, वर चेअरमनसाहेबांचा फोटो. साहेब खूश. सरांना बोलावून म्हणाले, "चालू द्या तुमचा विषय. आपण हाव." त्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्यांना भजी खाऊ घातली. काकूंना फोनवर सांगताना मी ऐकलं, "न्हाई, आता जायचं न्हाई कुठं. चौदा आणे."

आणि त्याच आठवड्यात छावणीतल्या कडबाकुट्टीची, म्हणजे चारा कापायच्या मशीनची, मोटर चोरीला गेली.

कडबाकुट्टीवर गौतम नावाचा पोरगा कामाला होता. रस्त्यापलीकडच्या वस्तीतला, रोजंदारीवर. माझ्याच वयाचा, पण मी अंथरुणात असायचो तेव्हा तो हायवेच्या कडेनं पळत असायचा. त्याची पोलीस भरतीची तयारी चालली होती. मोटर गेली ती दिवेलागणीला. सर त्या वेळी तिथंच चहा पीत उभे होते. भाऱ्यांच्या मागून एक जण खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं जड काहीतरी घेऊन गेला, हे त्यांनी पाहिलं. बाकीच्याही काहींनी पाहिलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सकाळी मशीन चालू करायला गेले तर मोटर नाही. चहाची पहिली किटली संपायच्या आत नाव ठरलं होतं. मशीनवर कोण असतो? गौतम. वस्ती कुठं? रस्त्यापलीकडं. मग झालंच. माझा बाप म्हणाला, "सोळा आणे त्योच. म्या ह्या डोळ्यानं बघितलं." शेजारचे म्हणाले, आम्हीही बघितलं. मी तर त्या संध्याकाळी नेकनूरच्या बाजारात वांगी निवडत होतो, तरी तिसऱ्या दिवशी हॉटेलात गौतमच्या चालण्याची नक्कल करून दाखवत होतो. लोक म्हणत होते, अगदी असाच चालत गेला.

पण खरं वजन पडलं ते सरांचं. चेअरमनसाहेबांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "गेला खरा माझ्यासमोरनं. चौदा आणे गौतमच." लोकांचे सोळा म्हणजे सवय होती. सरांचे चौदा म्हणजे निकाल होता. साहेब म्हणाले, "सर म्हणले, संपलं." परवा पोलिसात तक्रार द्यायची आणि सरांनी सही करायची, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी गौतम विभागात आला. आम्ही ढोलाच्या रुळावर कागद चिकटवत होतो. तो दारातच उभा राहिला. "सर, केस झाली का माझी भरती गेली."

सरांनी मान वर केली.

"दुसऱ्यानं कुणी म्हणलं असतं तर भांडलो असतो," गौतम म्हणाला. "पर तुमी म्हणलात. तवापास्नं रातध्याड ईचार करायलोय. मलाच वाटाया लागलं सर, म्याच नेली का काय."

एवढं बोलून तो गेला. सरांच्या हातातला डिंकाचा ब्रश तसाच राहिला. मी त्यांना तसं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. चुकांच्या गोष्टी सांगून हसणारा माणूस पहिल्यांदाच आपल्या चुकीला घाबरला होता. मलाही हॉटेलातली ती नक्कल आठवली.

जरा वेळानं सर उठले, आपली खुर्ची सोडली आणि आमच्या बाकावर येऊन बसले. "आज प्रयुक्त मी. शालन, तू प्रयोगकर्ती."

शालन आमच्या वर्गातली एकमेव हुशार मुलगी. बाकीच्यांचे आलेख वाढ्यांच्या भाऱ्यासारखे दिसायचे, तिचा एकटीचाच वाचता यायचा. ती सरांच्या खुर्चीवर बसली नाही, शेजारी उभी राहिली. पण प्रश्न सरांनी शिकवले होते तसेच विचारले, उत्तर तोंडात न देता.

"काय दिसलं, सर?"

"माणूस. खांद्यावर पोतं."

"तोंड दिसलं?"

"न्हाई. पाठ दिसली."

"अंगात काय होतं?"

"शर्ट. पट्ट्याचा, आपल्या संघाचा. निळे पट्टे." इथं सरांना जरा धीर आला. "हे पंधरा आणे सांगतो."

शालननं वहीत लिहायला मान खाली घातली आणि लिहिलं नाही. म्हणाली, "सर, गौतमला शर्टपीस कुठला? त्यो सभासद कुठं हाय?"

गौतमच्या घरी गाय नव्हती, म्हैस नव्हती, संघाला घालायला दूध नव्हतं. दिवाळीला वाटप झालं तेव्हा तो भेटीच्या पेट्या उचलायला होता, घ्यायला नव्हता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढचा गौतम पट्ट्याच्या शर्टात होता. सरांनी एकेकाला विचारलं. मलाही विचारलं. मी नेकनूरच्या बाजारातून पाहिलेला गौतमही पट्ट्याच्याच शर्टात होता, आणि कॉलरसकट.

"पाठ संध्याकाळी बघितली," सर सावकाश म्हणाले. "नाव सकाळच्या चहात ऐकलं. आन् माझं मीच नाव पाठीला चिकटवलं." मग स्वतःशीच म्हणाले, "वीस वर्षं हेच शिकवतोय गाढव."

ते तसेच उठून संघाच्या ऑफिसात गेले. आम्ही मागोमाग. ऑफिसात माणसं होती, माझा बापही होता. संघाची निवडणूक तोंडावर आली होती, त्यामुळं गर्दी रोजच असायची. सरांनी उभ्या उभ्याच सांगितलं, शर्टाचं, पाठीचं, चहाचं. लोक आपापल्या अंगावरच्या पट्ट्यांकडं बघायला लागले. आधी एक जण हसला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो गप्प झाला.

चेअरमनसाहेबांच्या मात्र सगळ्यात आधी लक्षात आलं होतं. "म्हंजी सर, तुमचं म्हणणं, मोटर सभासदानं नेली?"

"ते मला माहीत न्हाई. त्याचा एक आणाबी माझ्याकडं न्हाई."

"मग काल चौदा म्हणलात ते?"

"ते चुकलं," सर म्हणाले. "माझं चुकलं, हे सोळा आणे."

तो आकडा आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शालननं माझ्याकडं बघितलं. मला कारण नसताना रडू यायला लागलं, म्हणून मी भिंतीवरचं दूध दराचं पत्रक वाचत उभा राहिलो.

साहेबांनी समोरचे कागद सारखे केले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सर, तुमचा विषय आपण परवाच वाचवलता."

"होय," सर म्हणाले. "लई उपकार झालते."

'झालेत' नाही, 'झालते' म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. सरांनी नमस्कार केला आणि निघाले. तेव्हा माझा बाप खाकरला. आयुष्यात कुणापुढं माघार न घेतलेला माणूस. म्हणाला, "साहेब, म्याबी... शर्टच बघितलता म्या. माझं चार आणे धरा." मग आणखी एक जण म्हणाला, माझे दोन. एक म्हणाला, मी तर तवा धार काढत होतो. तिथल्या तिथं सोळा आण्यांचे साक्षीदार चिल्लर झाले. सरच सही करणार नाहीत म्हटल्यावर तक्रार राहिली. मोटर काही सापडली नाही. छावणी उठेपर्यंत कुट्टी हातानं केली, आणि ती गौतमनंच केली.

आमची परीक्षा झाली. तोंडीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, "अवधान म्हणजे काय?" मी खिडकीबाहेर बघत होतो, म्हणून म्हणालो, "काय म्हणालात, सर?" त्यांनी मला पास केलं. त्यांना ते उदाहरण वाटलं असावं.

जूनमध्ये मानसशास्त्राच्या खोलीत पशुखाद्याची पोती आली. विद्यार्थीसंख्येअभावी विषय बंद, असं कारण फलकावर होतं. त्यात खोटं काही नव्हतं, आम्ही पास होऊन गेलो म्हटल्यावर संख्या कमी झालीच होती. सर अतिरिक्त ठरले आणि त्यांना पार नांदेडच्या पलीकडं पाठवलं. शालन म्हणाली, आपण जाऊन साहेबांना भेटू. सर म्हणाले, "कशाला? त्यांना बरं वाटंल, मला न्हाई."

जायच्या दिवशी नेकनूरच्या स्टँडवर आम्ही गेलो. काकू सामानावर बसल्या होत्या. ढोल कॉलेजचा, म्हणून सरांनी तो शिपायाच्या हवाली केला होता, आणि पिशवी मात्र सवयीनं बरोबर घेतली होती, रिकामीच. गौतम आला होता. तो एकेक ट्रंक उचलून गाडीच्या टपावर चढवत होता आणि सरांना हात लावू देत नव्हता. माझा बाप कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. माझ्या आईच्या नावानंही संघाचं सभासदत्व होतं. संघानं बाईलाही शर्टपीसच दिला होता आणि तो पेटीत तसाच पडून होता. बापानं तो सरांच्या हातात ठेवला. "घ्या सर. शिवा तिकडं. आमचं... आमच्याकडनं."

सरांनी कागद उघडला. निळे पट्टे. काकूंनी तोंडाला पदर लावला, हसायला की रडायला ते मला कळलं नाही. "आता पाठीमागनं मीबी चोर दिसणार," सर म्हणाले, आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

गौतम दुसऱ्या खेपेला भरती झाला. आता तो पंचनामे लिहितो आणि साक्षीदाराला नाव विचारायच्या आधी कपडे विचारतो. शालन लातूरकडं शिक्षिका आहे. माझं सांगितलंच.

त्यानंतर काही वर्षांनी मी मांजरसुंब्याच्या स्टँडवर बियाणांची पोती घेऊन उभा होतो. समोरून एक गाडी सुटली. मागच्या बाजूच्या एका खिडकीत पाठ दिसली, पुढं झुकलेली, अंगात पांढऱ्यावर निळ्या पट्ट्यांचा शर्ट. धुऊन धुऊन विटलेला. माझ्या तोंडून मोठ्यानं हाक गेली, "टेकाळे सर!"

हाक मारली आणि मीच ओशाळलो. त्या ताग्यानं अर्धा तालुका झाकला होता. पाठ बघून नाव चिकटवायचं नाही, एवढं तरी त्या पदवीत शिकलो होतो. मी मनातल्या मनात आणे मोजले, सहाच्या वर जाईनात.

गाडी वळायला लागली, तेव्हा त्या खिडकीतून एक हात बाहेर आला. दुमडलेली बाही कोपराच्या वर सरकलेली. हात वर गेला आणि मनगट गर्रकन फिरलं, एकदा, आणि परत एकदा.

"पंधरा!" मी पोती टाकून पळत सुटलो. "पंधरा, सर!"

स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. गाडी निघून गेली. मी धुळीत उभा राहिलो, आणि एक हात आपोआप खिशात गेला.